संगणकाची घरघर आणि वाया जाणारी वीज

शाळेच्या संगणक कक्षात दहा-वीस संगणक एकदम सुरू झाले, की मागच्या बाकावर शिक्षकांचा आवाज पोहोचेनासा होतो. या घरघरीतला एक वाटा पॉवर सप्लायच्या पेटीतल्या पंख्याचा असतो. २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टपर्यंत उतरवणाऱ्या पेटीला पंखा हवाच कशाला?

जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यात ५० हर्ट्झवर चालणारा जड ट्रान्सफॉर्मर दाब उतरवी आणि उरलेला जादा दाब ट्रान्झिस्टर उष्णतेच्या रूपाने जाळी. निम्मी वीज अशी वाया जाणे नवलाचे नव्हते. १९७७ साली आलेल्या ॲपल-२ मध्ये पंखा नको, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा हट्ट होता. म्हणून रॉड हॉल्ट यांनी ‘स्विचिंग’ पुरवठा तयार केला. यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो. चालू असताना त्याच्यावर दाब जवळजवळ नसतो, बंद असताना प्रवाह नसतो. मग उष्णता येणार कुठून? (थोडी येतेच, चालू-बंद होण्याच्या क्षणी.) वारंवारता वाढल्याने ट्रान्सफॉर्मरही लहान होतो, आणि ती २०,००० हर्ट्झच्या वर नेली की त्याची गुणगुण माणसाला ऐकू येत नाही. या युक्तीचे सारे श्रेय ॲपलला देण्याची प्रथा आम्हाला पटत नाही. असे पुरवठे आधीही काही उपकरणांत होते.

१९८१ च्या आयबीएम पीसीचा ६३.५ वॉटचा पुरवठाही स्विचिंगच होता, पण त्यात पंखा आला आणि पुढे तो रूढच झाला.

२००४ साली ‘८० प्लस’ ही कसोटी आली: २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता. हिशेब करून पाहू. संगणकाला १८० वॉट हवे आहेत. पुरवठा ७५ टक्के कार्यक्षम असेल तर तो २४० वॉट ओढतो, ६० वॉटची उष्णता होते. ९० टक्के असेल तर २०० ओढतो, उष्णता फक्त २० वॉट. पंख्याला काम एक तृतीयांश! त्यातच पंखा १२० मिलिमीटरचा असला, तर ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा तो कमी फेऱ्यांत हलवतो. खरेदीच्या वेळी या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, वॉटचा मोठा आकडा नंतर.

जुनी पेटी वर्गात उघडून दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. वीज बंद केल्यावरही तिच्या धारित्रांत ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.