रॉक अल्बमची अतिवास्तव मुखपृष्ठे

लाँग-प्ले तबकडीच्या सुमारे ३१ सेंमी. चौरस वेष्टनावर, अशक्य असूनही डोळ्यांना पटणारे दृश्य रचण्याची कला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती इंग्लंडमध्ये बहरली. तिच्या आरंभीच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठाचे नाते भारतीय छापील देवचित्रांशी आहे आणि त्या चित्रांच्या घडणीत पुणे परिसरातील छापखान्यांचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी : कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये लाँग-प्ले तबकडी बाजारात आणली. तबकडी वाजत असताना तिचे वेष्टन श्रोत्याच्या हातात असे; त्यामुळे पुन्हापुन्हा पाहावे असे चित्र त्यावर हवे होते. त्यासाठी चित्रकारांना अतिवास्तववाद उपयोगी पडला. आंद्रे ब्रतों याने १९२४ मध्ये पॅरिसमध्ये या पंथाचा जाहीरनामा काढला होता. त्यातील रने माग्रित याची रीत मुखपृष्ठकारांना विशेष भावली : वस्तू रोजच्या ओळखीची घ्यायची, ती भलत्याच जागी ठेवायची आणि रंगवायची मात्र अगदी नेटकी.

पुणे परिसरातील शिळाछापे : विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे. एका दगडाचा रंग उमटलेला कागद वाळवून पुढच्या दगडावर नेमका बसवावा लागे. तो केसभर सरकला तरी देवाचा चेहरा बिघडे. रविवर्मा छापखान्याच्या एका प्रसिद्ध चित्रात गाईच्या अंगात चौऱ्याऐंशी देवता दाटीने सामावल्या आहेत. कल्पना अद्भुत, पण गाय गोठ्यातली वाटावी अशी. अशा चित्रांमुळे अलौकिक दृश्य सामान्य घरांच्या भिंतींवर रुळले.

विराट रूप : डिसेंबर १९६७ मध्ये जिमी हेन्ड्रिक्सच्या त्रयीचा ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’ हा अल्बम निघाला. त्याच्या वेष्टनासाठी याच भक्तिचित्रपरंपरेतले, नंतरच्या काळातले विष्णूच्या विराट रूपाचे चित्र घेण्यात आले. कार्ल फेरिस याच्या छायाचित्रावरून रॉजर लॉ याने त्यात तिन्ही वादकांचे चेहरे रंगवले. दुमडीचे वेष्टन उघडले की अनेक मुखांचा आणि हातांचा तो देह पूर्ण दिसे. हेन्ड्रिक्सला मात्र ते रुचले नाही. आपल्या अमेरिकी आदिवासी वारशाला साजेसे चित्र त्याला हवे होते. भाविकांच्या लेखी जे दर्शन, ते येथे केवळ नवलाईची सजावट झाले, ही या मुखपृष्ठाची मोठी उणीव होय.

हिपग्नोसिस : स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी १९६८ मध्ये लंडनमध्ये हा कलासमूह स्थापन केला. शक्य तेथे दृश्य प्रत्यक्ष उभारून त्याचे छायाचित्र घ्यायचे, हा त्यांचा बाणा होता. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) या अल्बमवर सूट घातलेले दोघे हस्तांदोलन करत आहेत आणि त्यांतला एक पेटलेला आहे. साहसदृश्ये करणाऱ्या रॉनी रॉन्डेलने सुटाखाली अग्निरोधक पोशाख घातला होता. तरीही वारा उलटा फिरल्याने त्याच्या मिशा होरपळल्या. याच वाद्यवृंदाच्या १९८७ च्या अल्बमसाठी थॉर्गरसनने डेव्हनच्या किनाऱ्यावर रुग्णालयातील ७०० लोखंडी खाटा मांडल्या. पावसाने काम बिघडले, तेव्हा त्या पुन्हा मांडाव्या लागल्या.

चित्रित भूदृश्ये : रॉजर डीन याने ‘येस’ या वाद्यवृंदासाठी कुंचल्याने कल्पित जग रंगवले. ‘फ्रॅजाइल’ (१९७१) वर फुटत चाललेला छोटा ग्रह आहे. पुढच्या चित्रांतही अधांतरी खडक आणि अनोखे वृक्ष यांचे जग त्याने वाढवत नेले.

उत्तरकाळ : १९८० च्या दशकात आलेल्या सीडीमुळे चित्राला जेमतेम १२ सेंमी. जागा उरली, आता ते बहुधा मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढे दिसते. तबकड्यांना पुन्हा मागणी येऊ लागल्यापासून मोठे वेष्टन आणि त्यावरील चित्रेही परतली आहेत.