सांडपाणी जिरवायचंय? आधी माती बघा!

निसर्गाधारित उपाय म्हणजे माती, पाणी आणि झाडं यांच्याकडूनच आपलं काम करून घेणं. आपल्या जिल्ह्याचा 'बुलढाणा पॅटर्न' तुम्ही ऐकला असेल. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतला मुरूम आणि माती काढली. रस्त्याला माल मिळाला, तलावात पाण्याला जागा झाली. पण शहरातल्या गरीब वस्तीत, जिथे बंद गटार नाही आणि सांडपाणी दारातच साचतं, तिथे काय करायचं? आज आपण तेच बघू.

शोषखड्डा कसा काम करतो?

न्हाणी आणि मोरीचं पाणी जमिनीत मुरवणारा हा खड्डा साधारण 4 फूट लांब, रुंद आणि खोल असतो. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला भोकं, आणि भोवती दगड-गोटे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जाऊन मुरतं. पाणी साचत नाही, म्हणून डासही कमी होतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने असेच शोषखड्डे केले.

आमचं कुठे चुकलं?

घाटाखाली, मलकापूरला मावशीच्या गल्लीत आम्ही पाच घरांत मिळून एक खड्डा केला. महिनाभरात तुंबला! कारण काळी चिकण माती. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. घाटावर, मुरूम वरच लागतो अशा जागी, हाच खड्डा चांगला चालतो.

आधी ही चाचणी करा

1. जिथे खड्डा करायचा तिथे हातभर खोल खणा, पाणी भरा आणि जिरू द्या.
2. पुन्हा भरा. तासाभरात पाणी बरंच उतरलं, तर शोषखड्डा करा.
3. सकाळचं पाणी संध्याकाळीही तसंच असेल, तर खड्ड्याचा नाद सोडा. उथळ वाफा करून कर्दळ, केळी लावा. ही झाडं भरपूर पाणी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. पावसाळ्यातल्या जादा पाण्याला नालीकडे वाट ठेवा.

हे विसरू नका

- संडासाचं पाणी यात सोडू नका.
- विहीर किंवा हातपंपापासून निदान 50 फूट लांब राहा.
- टाकीतला गाळ अधूनमधून काढा, नाहीतर मुरमातला खड्डाही तुंबतो.

मावशीच्या गल्लीत आता कर्दळी आहेत. खड्ड्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच. ती चाचणी आधी केली असती, तर एक बादली पाण्यात काम भागलं असतं.