सावलीतली रंगीत पानं : राणीबाग ते मणिबेली

झाडाखालच्या सावलीत रंगीत पानांची, वर्षानुवर्षं टिकणारी झाडं कोणती लावायची? नर्सरीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं : क्रोटन, कोलियस, कॅलेडियम. ही पानं आपल्याकडे आली कुठून, ते आधी बघू. मग मणिबेलीला जाऊ.

क्रोटन मोलुक्का बेटांकडचा, कोलियस आग्नेय आशियातला, कॅलेडियम थेट दक्षिण अमेरिकेतलं. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांनी १८३३ मध्ये बंद काचपेटीतून रोपं सिडनीला जिवंत पोचवली आणि दूरदेशीची नाजूक झाडं जहाजातून फिरू लागली. मुंबईची राणीबाग १८६२ सालची, म्हणजे याच काळातली. पुढे हे रंग बंगल्यांच्या व्हरांड्यात गेले, आणि तिथून चाळीच्या गॅलरीत, डालड्याच्या डब्यात.

गंमत म्हणजे कॅलेडियम आपल्या अळूच्याच कुळातलं! पण रंगासाठी इतकं लांब जायची खरं तर गरज नव्हती. पाऊस लागला की आपल्या जंगलात, मोठ्या झाडांखाली रानहळद वर येते. तिच्या तुऱ्यावर गुलाबी-जांभळं दिसतं ती फुलं नव्हेत, रंगीत पानंच. फुलं आत, छोटी, पिवळी. सुरणाचा ठिपक्यांचा देठ बघा, काळ्या अळूचा जांभळा देठ बघा. पावसाळा सरला की यातली बरीच पानं वाळतात आणि कंद मातीत झोपतो. विलायती पुस्तकात टिकाऊ झाड म्हणजे बर्फात तगणारं. आपलं तगतं ते वैशाखात.

आता मणिबेली. नर्मदाकाठचं, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. तेव्हा जिल्हा धुळे, नंदुरबार झाला १९९८ ला. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं. त्यांत पाणी आधी आलं ते इथे, १९९३ च्या पावसाळ्यात. पुढच्याच वर्षी जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेला उद्देशून मोठ्या धरणांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं.

१९७९ च्या लवादाच्या निवाड्यात पुनर्वसनाची मापं आहेत. पाव हिश्शाहून जास्त जमीन गेली तर किमान २ हेक्टर, घरासाठी ६० बाय ९० फुटांचा प्लॉट. मला त्या प्लॉटवरचं ऊन दिसतं. हळदीचा, सुरणाचा कंद गाठोड्यात बांधून नेता येतो. मोहाची सावली कशी नेणार? नवं झाड लावलं तरी त्याखाली अळू तगायला कित्येक वर्षं जातात, आणि तोवर कंदाने करायचं काय? या सावलीला निवाड्यात रकाना नाही.

तुमच्याकडे आंब्याखाली ओलसर कोपरा असेल, तर रानहळद जंगलातून उपटून आणू नका. बाजारातली डोळे फुटलेली हळद, काळ्या अळूचा कंद, सुरणाचा तुकडा मेअखेरीस मातीत घाला. वर पालापाचोळा पसरा. पानं वाळली की पाणी तोडा, कंद उकरू नका.