बोरघाटाची छायाचित्रे: पूल उमटला, माणसे पुसली गेली

हल्ली मोबाईलवर पुलाचा फोटो काढला की लगेच तो कृष्णधवल करतात. भारदस्त वाटतो म्हणे! पण कृष्णधवलाशिवाय पर्यायच नव्हता, त्या काळच्या एका अल्बमकडे आज आपण वळू.

वारणानगरहून आपण कोल्हापूरला जातो, कोयना एक्स्प्रेस धरतो आणि मुंबईकडे जाताना बोरघाट उतरतो. हा लोहमार्ग 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. 25 बोगदे, 8 मोठे पूल, 37 फुटांना एक फूट चढ. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून इथे दंगल झाली, आणि त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले, आणि काही आठवड्यांतच आजारपणाने वारले. मग कंत्राट कोणी निभावले? त्यांच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी. घाटकामाच्या छायाचित्रांचा अल्बम याच बाईंच्या नावावर आहे.

त्या काळी काचेवर ओले रसायन चढवायचे, ते वाळायच्या आत चित्र घ्यायचे आणि लगेच तिथेच अंधारात धुवायचे. भिंग कित्येक सेकंद उघडे. म्हणजे जे हलत नाही तेच नीट उमटणार. दगडी खांब हलत नाही. पाटी घेऊन चाललेली बाई हलते. तिचा धुरकट डाग उरतो, कधी तेवढाही नाही. त्या काळच्या अशा चित्रांत माणसे स्पष्ट दिसलीच, तर बहुधा ती मुद्दाम उभी केलेली असतात, बांधकामाची उंची कळावी म्हणून. फूटपट्टीच म्हणा ना.

1861 च्या सुरुवातीला या घाटात 40 हजारांवर माणसे राबत होती. पटकीने त्यांच्यात फार बळी घेतले.

आमच्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे प्रमाण मानले आहे: घट दिसत नाही, म्हणून इथे घट नाही. पण त्यांची एक अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत ‘घट नाही’ म्हणता येत नाही. ओल्या काचेवरचे चित्र हलत्या माणसाच्या बाबतीत अशी अंधारी खोलीच आहे. यात अ‍ॅलिसबाईंचा दोष नाही. पण कोणाला फूटपट्टी म्हणून उभे करायचे, हे काही रसायन ठरवत नव्हते.

1859 च्या दंगलीची सरकारने चौकशी केली होती. मजुरीचे गाऱ्हाणे तिथे कागदावर आले. अल्बम पाहायचा तर तो या कागदांशेजारी ठेवून पाहावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो.