अँटीव्हायरस टाकून देणारा माणूस

1990 साली कैलास काटकर यांनी पुण्याच्या मंगळवार पेठेत 15 हजार रुपयांच्या भांडवलावर दुरुस्तीचे दुकान थाटले. जागा जेमतेम 100 चौरस फुटांची. दहावीनंतर शिक्षण थांबलेले, हात कॅल्क्युलेटर दुरुस्तीवर बसलेला. बँकांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर येऊ लागले तसे हे काम कॅल्क्युलेटरकडून कॉम्प्युटरकडे वळले आणि 1993 मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ उभी राहिली. घरच्या कॉम्प्युटरवर फुकटचा अँटीव्हायरस टाकावा की विकतचा, या प्रश्नाचा महाराष्ट्रातला इतिहास अशा दुरुस्तीच्या दुकानांतून सुरू होतो.

तोवर व्हायरस जुना झाला होता. 1986 मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ लिहिला आणि त्यात स्वतःचे नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. बूट सेक्टरवरच्या व्हायरसांची चाल साधारण सारखी असे. बाधित फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहिली आणि कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू झाला, की व्हायरस मेमरीत; मग पुढे जी फ्लॉपी आत जाईल तिलाही लागण. हार्ड डिस्कवर तळ ठोकणारे भाऊबंद लवकरच निघाले. कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच यंत्रावर दिवसभरात किती मुलांच्या फ्लॉप्या फिरत, हे आठवले की लागण का आवरत नसे ते कळते.

कैलास यांचे धाकटे भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच कॉम्प्युटरांत मोडलेले काहीच नसे, आत व्हायरस असे. संजय त्या व्हायरसांवर एकेक उतारा लिहू लागले. ते सुटे उतारे एकत्र बांधून 1995 मध्ये डॉसवर चालणारे ‘क्विक हील’ बाजारात आले. किंमत 700 रुपये, परदेशी अँटीव्हायरसच्या मानाने बरीच कमी.

फुकट की विकत, हा झगडा जगात त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी 1987 पासून आपला अँटीव्हायरस टेलिफोनवरच्या बुलेटिन बोर्डांवर मोकळा सोडला. घरच्या माणसाने उतरवून घ्यावा, पैसे कंपन्यांनी द्यावेत, असा तो हिशेब होता. 6 मार्च 1992 ला ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस लाखो यंत्रांतली माहिती पुसणार, असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात फटका काही हजारांना बसला. त्या घबराटीत अँटीव्हायरसची विक्री मात्र जोरात झाली. भीती विकली जाते, हे या धंद्याला तेव्हाच कळले आणि त्याने ते कधी सोडले नाही. ग्राहकाने हे आजही ध्यानात ठेवायला हवे.

चेकोस्लोव्हाकियात मात्र वेगळे घडत होते. प्राग शहरात पावेल बाउदिश यांनी 1988 मध्ये ‘व्हिएन्ना’ व्हायरसवर उतारा लिहिला. तोच पुढे ‘अवास्ट’ झाला. बर्नो शहरात ‘एव्हीजी’ उभे राहिले. 2000 च्या आसपास दोन्ही कंपन्यांनी घरच्या वापरासाठी फुकट आवृत्ती दिली. त्यामागे पक्का व्यवहार होता. घरोघरच्या यंत्रांवर अँटीव्हायरस बसला की नवे व्हायरस कंपनीला लवकर सापडतात, नाव पसरते, आणि त्या गर्दीतले काही लोक पुढे पैसे भरून मोठी आवृत्ती घेतात.

मग महाराष्ट्रातल्या घरांनी फुकटचाच का नाही घेतला? पहिले कारण फोनच्या तारेत होते. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा पूर्ण जोडणीचे 250 तास 15 हजार रुपयांना पडत. पुढे दर खाली आले, पण डायल-अपवर अपडेट उतरवायचे म्हणजे फोन अडकून राहणार आणि बिल वाढणार. अपडेटशिवाय अँटीव्हायरस कालचेच चोर ओळखतो. ‘डिजिट’, ‘पीसीक्वेस्ट’ अशा मासिकांबरोबर येणारी सीडी हा फुकट सॉफ्टवेअरचा घरगुती मार्ग होता, पण ती महिन्यातून एकदा यायची.

26 एप्रिल 1999 ने पुष्कळांचे मत बदलले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’, म्हणजेच ‘चेर्नोबिल’, त्या दिवशी जागा झाला. हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग त्याने खोडला आणि काही यंत्रांत मदरबोर्डवरच्या चिपमधला मजकूरही उडवला. असे यंत्र सुरूच होईना. चिप काढून नव्याने भरावी लागे, नाहीतर बोर्ड बदलावा लागे. त्यापुढे 700 रुपये कोणाला जड वाटणार?

दुसरे कारण माणसाचे, आणि सर्वांत वजनदार तेच. त्या काळी घरातला कॉम्प्युटर बहुधा असेंबल केलेला असायचा. सुटे भाग आणून तो जोडून देणारा ओळखीचा मुलगा विंडोज टाकायचा, मराठी फॉन्ट टाकायचा, अँटीव्हायरसही टाकून द्यायचा. बिघडला की त्यालाच फोन, मग तो येऊन फॉरमॅट मारणार. क्विक हीलने आपली विक्री याच मंडळींच्या हाती दिली. खोका विकला की विक्रेत्याला कमिशन, आणि वर्षाने रिन्यू करायच्या वेळी पुन्हा त्या घरात जायचे निमित्त. प्रागहून आलेल्या फुकट अँटीव्हायरसमध्ये त्याच्या वाट्याला काहीच नव्हते, मग त्याने तो का सुचवावा? आणि गिऱ्हाईक तरी कशाचे पैसे देत होते? परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला तर मराठीत बोलणारे कोणीतरी दारात येईल, याचे. त्यात फसवणूक नव्हती. ती सेवा होती, फक्त बिलावर तिचे नाव अँटीव्हायरस होते.

पेन ड्राइव्ह आला आणि हा धंदा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. झेरॉक्सचे दुकान, फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे, टायपिंगचे वर्ग अशी पेन ड्राइव्हची फेरी असे. घरी परतल्यावर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायचे. पेन ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी सोय मायक्रोसॉफ्टने 2011 च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजवरही अपडेटने बंद केली, पण तोवर बरीच वर्षे हातची गेली होती.

तिसरे कारण उघड बोलले जात नसे. सप्टेंबर 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ फुकट दिले, पण ते फक्त अस्सल विंडोजवर चढत असे. असेंबल केलेल्या कितीतरी यंत्रांवर विंडोज कॉपी केलेली होती. घरमालकाने विंडोजचे पैसे वाचवले आणि अँटीव्हायरसचे भरले, असा हा उलटा संसार बरीच वर्षे चालला.

2007 मध्ये कॅटचे नाव ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले, 2010 मध्ये सिकोया कॅपिटलने 60 कोटी रुपये गुंतवले, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

दरम्यान पायाखालची जमीन सरकत होती. 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर हा पुरता अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येऊ लागला. सुरुवातीला तो दुबळा ठरला. 2012 च्या अखेरीस जर्मनीच्या ‘एव्ही-टेस्ट’ प्रयोगशाळेने मायक्रोसॉफ्टच्या फुकट अँटीव्हायरसला प्रमाणपत्र नाकारले होते. 2019 मध्ये त्याच प्रयोगशाळेत डिफेंडरला पूर्ण गुण मिळाले. फुकटच्या दुसऱ्या वाटेचा डाग मात्र पुढच्याच वर्षी दिसला. अवास्ट आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकत होती, हे जानेवारी 2020 मध्ये उघड झाले. जम्पशॉट बंद करावी लागली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. घराचा पहारेकरीच घरातल्या गोष्टी बाहेर सांगत होता. याहून मोठा विश्वासघात या धंद्यात शोधून सापडणार नाही.

आज ज्या घरात अस्सल, अपडेट होणारी विंडोज आहे, तिथे डिफेंडर चालू ठेवून वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घेणे शहाणपणाचे. घरी वयस्क माणसे एकटीच कॉम्प्युटर वापरत असतील आणि अडल्यावर फोन उचलणारे कोणी हवे असेल, तर विकतचा घ्यायला हरकत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर तर 2017 पासून यंत्र गुपचूप ताब्यात घेणारे ‘बॉट’ काढण्याचे, क्विक हीलनेच बनवलेले साधन फुकट मिळते. खरी काळजी आहे ती विंडोज 10 वर अडकलेल्या जुन्या यंत्रांची. त्यांचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलेले नसेल, तर विंडोजमध्ये नव्याने सापडणारी भोके कोणताही अँटीव्हायरस बुजवत नाही, फुकटचाही नाही आणि विकतचाही नाही.