धागा : ‘यूथ हॉस्टेल’ या शब्दामागचा जर्मन पाऊस

१/ ट्रेकला निघताना आपण ‘यूथ हॉस्टेल’ हा शब्द सहज उच्चारतो. तो मूळ इंग्रजी नव्हे. ‘युगेंडहेरबेर्ग’ या जर्मन शब्दाचा तो अनुवाद आहे.

२/ २६ ऑगस्ट १९०९. रिशार्ड शिरमान हे आल्टेना येथील शिक्षक विद्यार्थ्यांसह पदभ्रमंतीवर होते. ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळी पावसाने त्यांना गाठले. एका शाळेच्या वर्गात, पेंढ्यावर रात्र काढावी लागली. त्या रात्री त्यांना सुचले : सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामासाठी का उघडू नयेत? पुढे पहिल्या महायुद्धापूर्वीच आल्टेनाच्या किल्ल्यात असे कायमस्वरूपी निवासस्थान उभे राहिले.

३/ आता शब्दाकडे वळू. ‘युगेंड’ म्हणजे तारुण्य. ‘हेरबेर्ग’ मात्र फार जुना : ‘हेरी’ म्हणजे सैन्य आणि ‘बेर्ग’ म्हणजे आश्रय. मुळात ही सैन्याची छावणी. कालांतराने तोच शब्द वाटसरूंच्या उताऱ्यासाठी रूढ झाला. फ्रेंच ‘ओबेर्ज’ आणि इंग्रजी ‘हार्बर’ ही त्याचीच भावंडे.

४/ इंग्रजीत याला प्रतिशब्द कोणता? ल्यूथरच्या जर्मन बायबलात येशूजन्माच्या प्रसंगी जिथे ‘हेरबेर्ग’ आहे, तिथे १६११च्या इंग्रजी बायबलात ‘इन’ आहे. पण ‘इन’ म्हटले की इंग्रजांना मद्याचा पेलाही आठवे. शाळकरी मुलांसाठी तो शब्द शोभला नसता. ‘हार्बर’ तर केव्हाच बंदरावर स्थिरावला होता.

५/ उरला ‘हॉस्टेल’. लॅटिन ‘हॉस्पेस’च्या कुळातला हा शब्द इंग्रजीत लुप्तप्राय झाला होता, एकोणिसाव्या शतकारंभी वॉल्टर स्कॉटने त्याला पुनरुज्जीवन दिले. ‘हॉस्पेस’चा अर्थ यजमानही आणि पाहुणाही! १९३० साली इंग्लंड-वेल्समध्ये यूथ हॉस्टेल संघटना स्थापन झाली आणि हे नाव रूढ झाले.

६/ अनुवादात छावणी गळाली, आतिथ्य आले. जर्मनीत मात्र उलटे घडले. १९३३ नंतर ही निवासस्थाने हिटलर यूथच्या ताब्यात गेली. मुक्त भटकंतीच्या जागी संचलन आले आणि शिरमान यांना आपल्याच चळवळीतून दूर व्हावे लागले. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली.

७/ शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत बंदिस्त नसतो. छपराखाली कोणाला घ्यायचे, हे ठरवणारी माणसेच तो घडवतात.