मुलूखमैदान तोफ, आबांची बंदूक आणि वाटाण्याएवढा प्रायमर

कुणी सभेत कडाडून बोललं की आपण म्हणतो, मुलूखमैदान तोफ धडाडली. ही तोफ खरीखुरी आहे, आजही विजापूरच्या बुरुजावर बसलीय. आणि ती ओतली गेली आपल्या नगरात! १५४९ साली, निजामशाहीत. रूमीखान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिराने ओतली. वजन साधारण ५५ टन. नगरहून ती परंड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून १६३२ साली विजापूरला. आपण नगरकर मात्र हे कुणी सांगितलं की अजून दचकतो.

आता आजच्या विषयाचा आणि हिचा संबंध काय? एका श्रोत्याने विचारलं होतं, की अमेरिकेत लोक मॅग्नम पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतात, आणि एक प्रायमर मिळाला नाही की दुसरा बसवतात. त्यात एवढं काय बिघडतं? एवढीशी तर टिकली!

तर त्या एवढ्याशा टिकलीची गोष्ट तोफेपासूनच सुरू होते. तोफेच्या मागच्या अंगाला एक छोटं भोक असतं, त्याला काना म्हणायचे. शत्रूच्या तोफा निकामी करायच्या तर या कान्यात खिळे ठोकायचे, हे तुम्ही बखरींच्या गोष्टींत ऐकलं असेल. या कान्यात घालायची ती रंजक. मनोरंजनातली नाही, ही बारीक दळलेली दारू. आत नळीत भरलेली दारू जाड दाण्याची, बाहेरून पेटायला आळशी. रंजक चटकन पेट घेते आणि तो जाळ आत पोचवते. म्हणजे पेटवायची दारू वेगळी आणि ढकलायची वेगळी, हे तोफखान्याला तेव्हाच कळलेलं होतं. बत्ती दिल्यावर गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारायचा अशी दंतकथा आहे. खरी-खोटी देव जाणे, पण मला आवडते.

रंजकेचा एक मोठा वैताग म्हणजे ती उघड्यावर असते. वारा आला, उडाली. पाऊस आला, भिजली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगर घेतलं, ८ तारखेला पेठेच्या तटाला शिड्या लावून आणि १२ तारखेला किल्ला. त्याच्या शिपायांच्या हातातल्या बंदुका चकमकीच्या होत्या. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी रंजकेत पडायची. म्हणजे भर पावसाळ्यात रंजक कोरडी ठेवायची!

हा वैताग संपवला स्कॉटलंडच्या एका पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्साइथ त्याचं नाव. याला पक्षी मारायचा नाद. रंजकेचा भपका दिसला की पक्षी उडून जायचे, म्हणून त्याने ठोका बसताच फुटणारा मसाला वापरायचं ठरवलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे तो मसाला तांब्याच्या इवल्या टोपीत बंद झाला. तीच केप.

ही केप मी घरात पाहिलीय. आमच्या आबांकडे अकोले तालुक्यात रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका वर्षी केपा संपल्या, दुकानातही मिळेनात. भुईमूग काढणीला आलेला आणि रोज रात्री डुकरं वाफा उकरायची. शेजारचे एक काका म्हणाले, "आबा, पोरांच्या दिवाळीच्या टिकल्या लावा की. त्याबी फुटत्यातच."

आबा म्हणाले, "फुटत्यात रं. पर कशा फुटत्यात, ते मला ठाव न्हाई."

मी तेव्हा सहावीत होतो आणि मला आबा भित्रे वाटले.

आता काडतुसाकडे येऊ. केप, दारू आणि गोळी एकाच पितळी पुंगळीत आली आणि बुडाशी बसलेली केप झाली प्रायमर. १८६६ च्या सुमाराला दोन पद्धती निघाल्या, इंग्रज बॉक्सरची आणि अमेरिकन बर्डनची. गंमत म्हणजे अमेरिकेने इंग्रजाची उचलली आणि युरोपात अमेरिकनाची जास्त चालली. बॉक्सरचा प्रायमर सहज ढकलून काढता येतो, म्हणून घरी काडतुसं भरायचा छंद अमेरिकेत फोफावला. आपल्याकडे तसं नाही. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच धरलेत आणि तो बनवायला परवाना लागतो. त्यामुळे घरी करून बघू म्हणत असाल तर इथेच थांबा.

१९३५ मध्ये पॉइंट ३५७ मॅग्नम आलं. पुंगळी लांब, दाब जास्त. अशा काडतुसांत बऱ्याचदा सावकाश जळणारी दारू भरपूर भरतात. तिला जास्त दणकट जाळ लागतो, म्हणून मॅग्नम प्रायमर. बाहेरून साध्या प्रायमरसारखाच, लहान असेल तर साधारण ४.४ मिलिमीटर, मोठा असेल तर ५.३. फरक आतल्या मसाल्यात. साधा प्रायमर लावला तर दारू नीट पेटत नाही, कधी बार क्षणभर उशिरा होतो, आणि तोवर माणसाने पिस्तूल वळवलेलं असतं. उलट साध्या काडतुसात मॅग्नम लावला तर दाब वाढतो, आणि दारू आधीच वरच्या मर्यादेला भरलेली असेल तर धोका असतो. रायफलचा प्रायमर तर आणखी वेगळा. त्याची वाटी जाड, पिस्तुलाच्या घोड्याला ती चेपतेच असं नाही. मोठा रायफल प्रायमर उंचीलाही जास्त असतो, पिस्तुलाच्या पुंगळीत वर डोकावतो आणि नको तेव्हा फुटू शकतो.

२०२० मध्ये, कोविडच्या काळात, अमेरिकेत बंदुकांची विक्री वाढली आणि प्रायमरचा तुटवडा पडला. तेव्हा अनेकांपुढे आबांचाच प्रश्न उभा राहिला, डबीत आहे ते लावू का? जाणकारांचं उत्तर ठरलेलं आहे. प्रायमर बदलला की ते काडतूस नवीनच समजायचं. छापील तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची आणि तक्त्यात ती जोडी नसेल तर भरायचंच नाही.

आबांकडे तक्ता नव्हता. त्या हंगामात त्यांनी बंदूक खुंटीलाच ठेवली आणि माळ्यावर बसून रात्र-रात्र तेलाचा रिकामा डबा बडवला. अर्धा भुईमूग तरी गेलाच. टिकल्या आम्ही पोरांनी दगडाने फोडून संपवल्या.